१ जानेवारीचा उत्साह पाडव्यापर्यंत कसा टिकवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेजारी, नातेवाईक आणि जुने वर्गमित्र मिळून ४० जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. १ जानेवारीपासून रोज सकाळी प्रेरणा देणारा मजकूर टाकायचा, प्रत्येकाने आपलं एक स्वप्न सांगायचं आणि वर्षभर एकमेकांना धरून पुढे जायचं असं ठरलं आहे. गेल्या वर्षीही असंच ठरलं होतं, पण २० दिवसांत गटात फक्त उगवत्या सूर्याचे फोटो उरले. यंदा काय बदलावं?

मजकूर काय टाकायचा हे नंतर पाहू. आधी गटाची मांडणी बदला. गेल्या वर्षी गट थंडावला तो सुविचार कमी पडले म्हणून नाही. रोज एकाने लिहायचं आणि ३९ जणांनी वाचायचं, अशी रचना होती. ४० जणांत प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी उत्तर देईल. आठवड्याभरात लिहिणाऱ्याला भिंतीशी बोलल्यासारखं होतं, मग तो स्वतः लिहायचं सोडून फॉरवर्ड टाकू लागतो. फॉरवर्ड सुरू झाले की गट संपला असं समजा.

म्हणून ४० जणांचे ६-६ किंवा ७-७ जणांचे लहान गट करा. रोजची देवाणघेवाण तिथेच होऊ द्या. मोठा गट ठेवा, पण त्यात फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग करा आणि आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी, तिथे काहीतरी जाऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘कम्युनिटी’ सोयीत हे सगळे लहान गट एका छत्राखाली ठेवता येतात. ६ हा आकडा मुद्दाम सांगतो आहे: सोमवार ते शनिवार प्रत्येकाकडे लिहिण्याचा एकच वार येतो आणि रविवारी सुट्टी. एका माणसाला वर्षाला ३००हून जास्त संदेश लिहिणं झेपत नाही, आठवड्याला एक कुणालाही झेपतो. शिवाय ज्याचा वार असतो तो त्या दिवशी आपलं काम सहसा चुकवत नाही. लहान गट करताना नवरा-बायको, सासू-सून, साहेब आणि हाताखालचा माणूस यांना वेगवेगळ्या गटांत टाका. घरातल्या माणसासमोर ‘आज जमलं नाही’ असं लिहिणं अवघड जातं, आणि तसं लिहिता येणं हाच या गटाचा प्राण आहे.

आता स्वप्नांकडे वळू. १ तारखेला प्रत्येकाने गटात स्वप्न जाहीर करण्याची कल्पना सोडून द्या, असं मी आग्रहाने सांगेन. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. ‘मला अमुक व्हायचं आहे’ हा इरादा दुसऱ्याने ऐकून त्याची दखल घेतली की त्यासाठी प्रत्यक्षात केलेले कष्ट कमी झाले. ३० अंगठे आणि २० टाळ्या मिळाल्या की तेवढ्यानेच थोडं काही झाल्यासारखं वाटतं. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या कामातूनही याच्याशी जुळणारी गोष्ट पुढे आली: स्वप्न पुरं झाल्याचं गोड चित्र नुसतं रंगवत बसलं की अंगातला जोर ओसरतो, पण त्या चित्राशेजारी आड येणारी खरी अडचण ठेवली की माणूस हालचाल करतो. स्वप्न वहीत लिहा, जवळच्या एका माणसाला सांगा. गटात मात्र फक्त आजचं काम सांगायचं.

त्यासाठी प्रत्येकाकडून ३१ डिसेंबरपूर्वी एक कार्ड भरून घ्या. पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. त्यावर चार ओळी: पाडव्यापर्यंत काय दिसलं पाहिजे, रोज काय, कुठे आणि कशानंतर करणार, कोणती अडचण नक्की येणार, ती आली तर काय करणार. मुदत पुढच्या वर्षअखेरीऐवजी गुढीपाडव्याची धरा. पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येतो, म्हणजे हातात साधारण अडीच ते साडेतीन महिने असतात. एवढा काळ डोळ्यांसमोर मावतो. वर्ष मावत नाही.

दुसरी ओळ सगळ्यात जास्त बिघडते. लोक ‘रोज सकाळी’ असं लिहितात. सकाळ ही वेळ झाली, खूण नव्हे. ‘रात्री ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडणार’ ही खूण झाली, कारण ओटा पुसणं रोज होतंच. ‘ठाण्याला गाडीत बसायला जागा मिळाली की’ ही खूण कच्ची, कारण जागा रोज मिळत नाही. ‘गाडी सुटली की’ असं लिहा. कार्ड तपासताना एकच प्रश्न विचारा: ही खूण आठवड्यातून किमान पाच दिवस न चुकता येते का? नसेल तर बदला.

काय सोडणार यापेक्षा काय करणार हे लिहून घ्या. स्वीडनमध्ये हजारावर लोकांच्या नववर्ष संकल्पांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात काहीतरी सुरू करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी वर्षाअखेर आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं, काहीतरी टाळण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ४७.१ टक्के. म्हणून ‘मोबाइल कमी करणार’ याऐवजी ‘रात्री १० वाजता फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणार’.

कामाचा आकार किती असावा, हे उदाहरणांनीच कळतं. कुणाला घरगुती फराळाचा व्यवसाय करायचा असेल, तर पहिल्या आठवड्याचं काम लोगो किंवा नाव शोधणं नव्हे. १ किलो भाजणीच्या चकल्या करायच्या आणि सगळं मोजायचं: कढईत तेल ओतण्याआधी आणि तळून झाल्यावर उरलेलं तेल, या दोन्हींतला फरक हा तेलाचा खर्च, तयार चकल्यांचं वजन, मोडक्या किती निघाल्या, गॅस किती वेळ चालला, आपले हात किती तास लागले. पाव किलोच्या पाकिटाची किंमत या आकड्यांवरून निघते. बहुतेकजणी तेल अंदाजाने धरतात आणि स्वतःचे तास धरतच नाहीत, म्हणून दोन महिन्यांनी ‘विक्री होते पण हातात काही राहत नाही’ असं होऊन काम बंद पडतं. दुसऱ्या आठवड्यात तीच चकली ५ ओळखीच्या घरी देऊन, किंमत सांगून, घेतील का हे विचारायचं. विक्री नियमित सुरू करण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्यायची, तेही एका आठवड्याचं काम म्हणून कार्डावर लिहायचं.

धावायला सुरुवात करणाऱ्यांची चूक ठरलेली असते. १ जानेवारीला ३ किलोमीटर एका दमात, ३ तारखेला नडगी दुखते, ५ तारखेला बूट कपाटात. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालणं, मग १ मिनिट हळू धावणं आणि २ मिनिटं चालणं असे सहा फेरे, शेवटी ५ मिनिटं चालणं. एकूण २८ मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे गटात ठळक लिहा. आणि ‘रोज धावणार’ असं कार्डावर कुणी लिहिलं असेल तर ते खोडून ‘तीन दिवस’ करा. उरलेल्या दिवशी बूट दाराशी काढून ठेवले तरी हजेरी लागते.

पेटी शिकणाऱ्याला २० मिनिटं पुरतात: ५ मिनिटं एकेक सूर लांब धरून भात्यावर हात बसवणं, १० मिनिटं अलंकार (ठरलेल्या क्रमाने सूर वाजवण्याचा सराव), ५ मिनिटं आवडत्या गाण्याची एकच ओळ. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराने ‘१० तास अभ्यास’ असं कार्डावर लिहू नये. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले १० प्रश्न सोडवायचे, चुकलेले एका वेगळ्या वहीत का चुकले या कारणासह उतरवायचे. उरलेला अभ्यास त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे होईल. गटाने फक्त या १० प्रश्नांची विचारपूस करायची.

आता रोजचा संदेश. सगळ्यात आधी वेळ. पहाटे ५ चा संदेश बहुतेकांच्या कामाच्या वेळेशी जुळत नाही, तो सकाळच्या शंभर शुभप्रभातांखाली गाडला जातो. लहान गटातल्या ६ जणांची कार्डं समोर ठेवा, त्यांच्या कामाच्या वेळा पाहा आणि बहुतेकांच्या वेळेच्या अर्धा तास आधी संदेश पाठवा. नोकरदारांच्या गटात ती वेळ बहुधा संध्याकाळी साडेसात-आठची निघते. रोज तीच वेळ ठेवा. थोड्या दिवसांत संदेश स्वतःच खूण बनतो.

लांबी ४० ते ६० शब्द. ‘आणखी वाचा’ दाबावं लागलं की निम्मे वाचक गळतात. संदेशात आजच्या दिवसाशी जोडलेली एक गोष्ट असावी आणि एका शब्दात किंवा एका ओळीत उत्तर देता येईल असा एक प्रश्न असावा. प्रश्न नसेल तर तो सुविचार झाला, आणि सुविचाराला लोक हात जोडून पुढे जातात. नमुन्यादाखल सोमवारचा असा:

‘या आठवड्यात काम कोणत्या दोन दिवशी अडणार हे आपल्याला आत्ताच ठाऊक आहे. कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाची रात्रपाळी आहे. ते दोन वार लिहा आणि त्या दिवशी फक्त ५ मिनिटांत काय करणार ते शेजारी लिहा.’

बुधवारी कुणाच्या तरी कामाचा फोटो द्या, तयार झालेल्या वस्तूचा नव्हे तर अर्धवट कामाचा: चुकलेल्या प्रश्नांची वही, पहिल्या घाण्यातल्या वेड्यावाकड्या चकल्या, पेटीवर ठेवलेला हात. नीटनेटकं, पूर्ण झालेलं काम पाहून मागे पडलेला माणूस आणखी मागे सरतो. अर्धवट काम पाहिलं की त्याला आपलंही दाखवावंसं वाटतं.

शुक्रवार मागे राहिलेल्यांसाठी राखून ठेवा. सगळ्या वारांत हाच महत्त्वाचा, आणि गेल्या वर्षी तुमच्याकडे नेमका हाच नव्हता:

‘या आठवड्यात ज्यांचं एकदाही झालं नाही त्यांच्यासाठी: आज वही उघडा, तारीख घाला, एक ओळ लिहा, मिटा. गटात “उघडली” एवढंच कळवा. बाकीच्यांनी आज टाळ्या द्यायच्या त्या फक्त यांनाच.’

उरलेल्या वारांत अडचण, एखादी कामाची युक्ती, आठवड्याची मोजणी, जे सुचेल ते. फार आखीव करू नका. मात्र १ जानेवारीआधी १४ संदेश लिहून तयार ठेवा. कुणी आजारी पडलं, प्रवासात अडकलं तर त्यातून एक काढायचा. साठा संपला आणि त्या दिवशी काही सुचलं नाही, तर ‘आज काय केलं?’ एवढं विचारा. त्या दिवशी फॉरवर्डला मात्र दार उघडू नका.

थोर माणसांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांबद्दल कडक राहा. अब्दुल कलाम, विवेकानंद, रतन टाटा यांच्या फोटोखाली वाट्टेल ते छापून येतं. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाकाळातल्या अर्थव्यवस्थेबद्दलचा असाच एक मजकूर आपण बोललो किंवा लिहिलेला नाही, असं खुद्द टाटांना जाहीर करावं लागलं होतं. मूळ पुस्तक किंवा भाषण दाखवता येत नसेल तर नाव लावायचं नाही. आणखी एक सोपी चाळणी: संदेशावर दोन बाणांची फॉरवर्डची खूण दिसली की तो गटात नको. फोटोंमुळे ज्येष्ठांचे फोन भरतात, त्यांना आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करून द्या. एकदा बसून सगळ्यांची करून दिलीत तर बरं.

हजेरीसाठी तीनच शब्द ठेवा: ‘झालं’, ‘अर्धं’, ‘उद्या’. ‘नाही’ हा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. ‘उद्या’ लिहिणारा माणूस गटात राहतो, ‘नाही’ लिहावं लागणारा गप्प होतो. रात्री साडेदहापर्यंत हजेरी, त्यानंतर गट शांत. त्या आठवड्याची मोजणी ज्याच्याकडे असेल त्याने प्रत्येकाच्या ‘झालं’ आणि ‘अर्धं’ची बेरीज करायची, पण ती त्या त्या माणसालाच कळवायची. गुणतक्ता लावला की पहिले दोघे खूश होतात आणि शेवटचे दोघे गट सोडतात.

सातपैकी सात दिवसांचा आग्रह धरू नका. सातपैकी पाच ठेवा, आणि सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत एवढा एकच नियम. ज्यांनी आठवड्यातून तीनच दिवसांचं काम घेतलं आहे, त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाला तयारीचं एक छोटं काम जोडा, म्हणजे त्यांनाही हा नियम लागू पडतो. २१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं, त्याचं मूळ एका प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. बदललेल्या रूपाची रुग्णांना सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला, आणि माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती गटात पहिल्याच आठवड्यात सांगा: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा खंड पडला नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात नववर्ष संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं माग ठेवला. पहिल्या आठवड्याअखेर ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. पण यशस्वी झालेल्यांमधल्याही ५३ टक्क्यांचा मध्ये किमान एकदा पाय घसरला होता. पोहोचलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक पडूनच पोहोचले. विसाव्या दिवशी गळालेल्या माणसाला ही एक गोष्ट ठाऊक असती तर तो परत आला असता, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचा जानेवारी ते मार्च हा काळ संकल्पाला सोपा नाही, ते आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा. संक्रांत, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची ये-जा, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नाचे मुहूर्त, २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा; त्या घरातल्या आईबापाला आपल्या स्वप्नासाठी २० मिनिटं काढणंही अपराधी वाटतं. हिशेबाच्या आणि बँकेच्या लोकांना मार्चअखेरीची घाई. प्रत्येकाने कार्डाच्या मागे स्वतःचे अडचणीचे दिवस आणि त्या दिवसांसाठीचं ५ मिनिटांचं छोटं रूप लिहून ठेवायचं. धावणाऱ्याने ५ मिनिटं चालणं, पेटीवाल्याने एकच अलंकार, उमेदवाराने २ प्रश्न. छोटं रूप केलं की पूर्ण ‘झालं’ धरायचं, ‘अर्धं’ नाही. हे आधी ठरलेलं नसेल तर त्या दिवशी कुणीही ते शोधत बसत नाही, सरळ सोडून देतं.

१ फेब्रुवारीला प्रत्येकाची बेरीज पाहा. जानेवारीच्या ३१ दिवसांत १५ पेक्षा कमी हजेरी असेल तर त्या माणसाला जास्त जोशाचे संदेश नकोत, काम निम्मं करून द्या किंवा खूण बदला. तरीही जमत नसेल तर ते स्वप्न खरंच त्याचं आहे का, हे त्याला एकट्याला, फोनवर, मायेने विचारा. कधीकधी ते वडिलांचं असतं, कधी शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून घेतलेलं. स्वप्न बदलायला किंवा खाली ठेवायला गटात मुभा असू द्या आणि तसं केलेल्याचा वार काढून घेऊ नका.

कौतुक करताना माणसाचं नको, कामाचं करा. ‘ताई, तुम्ही ग्रेट आहात’ यातून पुढे काही निघत नाही. ‘ताई, सलग चौथा मंगळवार, आणि आज तेल मोजलंत’ हे वाचलं की ताई पाचव्या मंगळवारीही मोजतात.

एखादा सदस्य ७ दिवस पूर्ण गप्प असेल तर गटात त्याचं नाव घेऊन हाक मारू नका. अ‍ॅडमिनने फोन करायचा आणि संकल्पाचा विषय शेवटी काढायचा, काढलाच तर. घरात कुणी गेलेलं असतं, नोकरी सुटलेली असते, मन खचलेलं असतं. अशा माणसाला ‘उठ, जग जिंक’ छापाचे संदेश टोचतात. त्याला काही दिवस हजेरीतून मोकळं करा, जेवणाचा डबा किंवा सोबत हवी का ते विचारा. निराशा खोल वाटली, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या, शक्य असेल तर शेजारी बसून लावून द्या. मराठीतही बोलता येतं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली की सगळ्या गटांनी एका घरी किंवा सोसायटीच्या गच्चीवर जमावं. प्रत्येकाने आपलं कार्ड आणि जे झालं ते आणायचं: वही, पाकीट, बूट, पेटी. बोलायला दोन-दोन मिनिटं. तिथेच कोरी कार्डं ठेवा, दसऱ्यापर्यंतची. ज्याला पुढे यायचं आहे तो भरून देईल, बाकीच्यांना आग्रह नको. जुने लहान गट त्याच दिवशी बंद करा आणि दुसऱ्या दिवशी नवीन कार्डांवरून गट पुन्हा पाडा, म्हणजे मध्ये गप्प झालेल्याला नव्या माणसांत नव्याने ‘झालं’ लिहिता येईल.